कटलरचा रुसवा

रुसलेल्या पोराला ठेवून ड्रेसिंग रूम नासवण्यापेक्षा मिळतील ते ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) घ्या नि मोकळे व्हा, हे मत मला अर्धंच पटतं. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमधला २००९ चा जे कटलर आठवा, डेन्व्हर ब्रॉन्कोजचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू. आदल्या मोसमात पासिंगचे ४,५२६ यार्ड, प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड, वय जेमतेम २५. डेन्व्हरला नवा कोच आला, जॉश मॅकडॅनियल्स. त्याला मॅट कॅसल हा दुसरा क्वार्टरबॅक हवा होता, म्हणून कटलरला विकायची चाचपणी झाली. ते कळल्यावर गडी असा फुगला, की मालक पॅट बोलन यांच्या म्हणण्याप्रमाणे फोनसुद्धा उचलेना. (मला तरी आधी आगळीक कोचचीच वाटते.)

शिकागोने पहिल्या फेरीचे दोन पिक, तिसऱ्या फेरीचा एक आणि वर आपला क्वार्टरबॅक काइल ऑर्टन मोजला. कागदावर लूटच! डेन्व्हर पहिले सहाही सामने जिंकत सुटलं आणि मोसमाअखेर ८ विजय, ८ पराभवांवर येऊन टेकलं. डिसेंबर २०१० मध्ये मॅकडॅनियल्सची गच्छंती. इकडे कटलरने ग्रीन बेमधल्या पहिल्याच सामन्यात चार इंटरसेप्शन दिली (म्हणजे फेकलेला चेंडू विरोधकांनीच झेलला), मोसमभरात २६. पुढच्या वर्षी मात्र तोच शिकागोला एनएफसीच्या (एनएफएलच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. तिथे गुडघा दुखावला, तर लोकांनी त्याचं दुखणंही खरं मानलं नाही.