मदत हवी आहे: एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) गाळातली जंताची अंडी किती दिवस टिकतात?

राम राम मंडळी, रान जालन्याकडं आहे, शेणखत परवडंना म्हणून भाऊजी एसटीपीचा वाळलेला गाळ ट्रॉलीनं आणून टाका म्हणायलेत. पण गोल जंताची अंडी ओलसर सावलीच्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात म्हणं, नुसतं वाळवून सगळी मरत नाहीत, ढीग 55 अंशाच्या वर काही दिवस तापवून पलटत राहावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर 1 ग्रॅम कोरड्या गाळात 1 अंड्याच्याही खाली आहे. आपल्या मे महिन्यात वरचा थर भाजून निघंल, खालच्याचं काय? कपाशीला चालंल वाटतंय, मेथी-कोथिंबिरीला मात्र मी टाकू देणार नाही, घरात लेकरं आहेत. मराठवाड्यात अंडी मोजून देणारी लॅब कुठं आहे का? एनपीकेवाल्या (नत्र-स्फुरद-पालाश तपासणाऱ्या) नका सांगू, त्या गल्लोगल्ली आहेत. आणि कुणी टाकला असंल तर भाजी लावायच्या आधी किती महिने थांबलात?