मदत हवी आहे : पाच महिन्यांच्या बाळाला ब्रॉन्किओलायटिस, रात्री कसं सांभाळायचं?

लेकीला ब्रॉन्किओलायटिस (फुफ्फुसातल्या बारीक श्वासनलिका सुजण्याचा आजार) झालाय. डॉक्टरांनी तपासलं, ऑक्सिजन ठीक आहे, घरीच सांभाळा म्हणाले. विषाणूमुळे होतो, त्यामुळे अँटिबायोटिक दिलं नाही, ते पटलंही. दिवस निभावतो, रात्र जड जाते. नाक चोंदलं की दोन घोट ओढते, सोडते आणि रडते. पाजण्याआधी नाकात सलाईनचे थेंब घालते, थोडं थोडं पण वारंवार पाजते. तरी पोट भरत नाही असं वाटतं. लंगोट ओले होतायत, एवढाच धीर.

ज्यांनी हे निभावलंय त्यांनी सांगा, शेंबूड ओढायचा पंप दिवसातून कितीदा वापरलात? जास्त वापरल्याने नाक आतून सुजतं का? श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा, 50 किंवा जास्त भरला, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला किंवा ओठ निळसर दिसले तर लगेच दवाखाना गाठायचा, हे ठाऊक आहे. पण ती जरा हलली की माझी मोजणी चुकते. तुम्ही पोटावर हात ठेवून मोजता की नुसतं बघून?

वाफ आणि खोकल्याचं औषध कृपया सुचवू नका, डॉक्टरांनी दोन्ही नको म्हटलंय.