मदत हवी आहे: जिभेने टॉक् टॉक् करून वाट ओळखणं
नमस्कार मंडळी, इंदिरानगरला राहतो आम्ही. माझा भाचा जन्मापासून अंध, 9 वर्षांचा. पार्किंगमध्ये जिभेने टॉक् टॉक् करत चालतो आणि खांबाच्या हातभर आधीच थांबतो, काल तर उभी रिक्षा पण बरोबर ओळखली! घरचे म्हणतात ही सवय मोडा, मला नाही पटत, कारण वाचलं की 2011 च्या कॅनडातल्या अभ्यासात दोन अंध माणसांचं एमआरआय केलं तर अशा टॉक् टॉक् आवाजाचे वस्तूंवर आपटून परत येणारे प्रतिध्वनी ऐकताना मेंदूचा मागचा, एरवी डोळ्यांनी बघायचा भाग कामाला लागत होता. शिवाय 2021 च्या अभ्यासात 10 आठवडे शिकवल्यावर डोळस लोकांनाही जमलं. नाशकात हे कोणी नीट शिकवतं का? आणि द्वारकेच्या चौकासारख्या गोंगाटात त्याने काय करायचं? प्लीज सांगा.