बेंचवरची मोटर टर्बाइनसारखी वागत नाही, मदत हवी

प्रश्न:
नमस्कार. एम.टेक.ला आहे. कालव्याच्या वाहत्या पाण्यावर चालणाऱ्या उभ्या आसाच्या टर्बाइनवर माझा प्रोजेक्ट आहे: तीन पाती, व्यास 1 मीटर, उंची 1 मीटर. पाती अजून फॅब्रिकेशनवाल्याकडे आहेत, आणि कालव्याला पाणी येतं ते आवर्तन सुटल्यावरच. म्हणून जनरेटर आणि एमपीपीटी (लोड पावलापावलाने बदलून जास्तीत जास्त वॅट शोधणारा कंट्रोलर) आधी लॅबमधल्या बेंचवर तपासते आहे. टर्बाइनच्या जागी तीन एचपीची चार पोलची मोटर, 10:1 गिअरबॉक्स, पुढे पर्मनंट मॅग्नेट जनरेटर. पाण्याचा वेग 1 मीटर/सेकंद आणि टिप स्पीड रेशो (पात्याचा वेग भागिले पाण्याचा वेग) 2 धरला तर टर्बाइनचे 38 आरपीएम येतात, म्हणून ड्राइव्ह (मोटरचा वेग ठरवणारं उपकरण) 13 हर्ट्झवर ठेवला.

लोड वाढवत गेले तर 340 वॅट मिळाले! एवढ्या वेगाला 1 चौरस मीटरमधून जाणाऱ्या पाण्यात मुळात 500 वॅट असतात. बेट्झच्या 59.3 टक्क्यांच्या कमाल मर्यादेने 296 होतात, आणि माझ्या 0.3 सीपीने (पाण्यातल्या शक्तीपैकी टर्बाइन घेते तो वाटा) जेमतेम 150. मग हे जास्तीचे वॅट आले कुठून?

उत्तर 1:
आले भिंतीवरच्या स्विचमधून. तुम्ही ड्राइव्हला 13 हर्ट्झ सांगितलेत, तो ते पाळणारच, मेनमधून लागेल तेवढं ओढून. पाण्याकडे असा साठा नसतो. लोड वाढला की टर्बाइन मंदावते, आणि मंदावली की तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, बदलतो. हेच बेंचवर यायला हवं.

मोटर टेस्टिंगमध्ये माझी 22 वर्षं गेली, त्यावरून सांगतो. ड्राइव्ह वेक्टर कंट्रोलच्या टॉर्क मोडला घ्या, म्हणजे तो वेगाऐवजी टॉर्क पाळेल; वेग मोजायला एन्कोडर लावा. कंट्रोलरने आरपीएम वाचायचे, टिप स्पीड रेशो काढायचा, टेबलमधून सीपी घेऊन टॉर्क काढायचा, दहाने भागून ड्राइव्हला द्यायचा. गिअरबॉक्सचं घर्षण त्यात वेगळं मिळवा. ते गार असताना एकदा मोजा आणि अर्धा तास चालवून पुन्हा मोजा. तेल तापलं की आकडा बदलतो, आणि 150 वॅटच्या कामात तो फरक दिसतो.

टेबल दोन्ही टोकांना पूर्ण हवं. लोड तुटला तर सीपी शून्य होईपर्यंत वेग वाढतो. त्या टोकाचे आकडे नसतील तर मोटर कुठवर पळेल याचा नेम नाही, म्हणून ड्राइव्हमध्ये वेगमर्यादा टाकल्याशिवाय सुरू करू नका. मोटरला बाहेरून पंखाही लावा. इतक्या कमी आरपीएमला तिचा स्वतःचा पंखा नावालाच फिरतो.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो: या बेंचवर तुमचा 0.3 सिद्ध होणार नाही. तो तुम्हीच टेबलात भरलाय. पात्यांची परीक्षा पाण्यातच घ्या.

उत्तर 2:
सरांशी सहमत, पण जडत्व राहिलं. पाती 12 किलोची, अर्धा मीटर त्रिज्येवर, म्हणजे सुमारे 3 किग्रॅ-मीटर वर्ग. मोटरच्या रोटरचं जडत्व गिअरपलीकडे 100 पट दिसतं, तरी ते तुमच्या टर्बाइनपेक्षा बरंच कमी भरेल. उरलेलं सॉफ्टवेअरमध्ये घालावं लागतं. टॉर्क मोडमध्ये त्यासाठी वेगाचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, घ्यावं लागतं. एन्कोडरचा नॉइज त्यात फुगतो आणि गिअरबॉक्स खडखडायला लागतो.

शाफ्टवर टॉर्क सेन्सर असेल तर स्पीड मोडही चालतो. मोजलेला टॉर्क टर्बाइनच्या टॉर्कमधून वजा करा, जडत्वाने भागा, इंटिग्रेट करा आणि येणारा वेग ड्राइव्हला द्या. वेग हिशेबातून आला पाहिजे, हाताने ठरवलेला नको.

तीन पात्यांचा झोलही घाला, म्हणजे प्रत्येक पात्यागणिक टॉर्कमध्ये होणारा चढउतार. 38 आरपीएमला तो दर 0.53 सेकंदाला येतो. एमपीपीटी किती सेकंदांनी पाऊल टाकतो?

प्रश्नकर्ती:
दर अर्ध्या सेकंदाला! म्हणजे झोलालाच तो पाण्यातला बदल समजणार. आता पूर्ण फेरीची, साधारण 1.6 सेकंदाची सरासरी घेऊन पाऊल टाकायला लावलंय.

टॉर्क सेन्सर शेजारच्या लॅबमधून मिळाला. काल संध्याकाळी मॉडेलमधून येणारा वेग जोडला. लोड हळूहळू वाढवला तशी वॅटेज 120च्या आसपास चढली, तिथून उतरू लागली, आणि पुढच्याच पावलाला कपलिंग मंदावत जाऊन थांबलं. मी टाळ्या वाजवल्या. कालव्यात हेच होणार होतं आणि ते मला आत्ताच बघायला मिळालं.

सर, थांबलेली टर्बाइन लोड काढूनही उठत नाहीये. टेबलात टिप स्पीड रेशो 1 च्या खाली मी सगळीकडे शून्य भरलंय. तिथले आकडे पात्यांवरून काढू, की आवर्तन सुटल्यावर दोरी बांधून स्थिर टॉर्क मोजू?

उत्तर 1:
दोरी आणि स्प्रिंग काटा घेऊन जा. पाती वेगवेगळ्या कोनांत धरून मोजा, दर 15 अंशांना एकदा. तीन पाती असल्याने 120 अंशांपर्यंत मोजलं तरी पुरेल.