एकाच तुकड्यात ओतलेला सांगाडा: गाडी स्वस्त होईल, पण ठोकल्यावर?

घाटमाथा: टेस्लाने मॉडेल वाय या इलेक्ट्रिक गाडीच्या मागच्या भागातले सुमारे ७० तुकडे काढून अ‍ॅल्युमिनियमचं एकसंध कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला एकच भाग, आणलं. चिनी कंपन्याही त्याच वाटेवर आहेत. गाड्या स्वस्त होतील, की वाचलेले पैसे गॅरेजात जातील?

दहाचापाना: कारखान्यात बचत खरी आहे. वेल्डिंगचे रोबो कमी, जागा कमी. पण ६,००० टनी प्रेस आणि तिचा डाय (साचा) प्रचंड महाग, त्यामुळे एका मॉडेलचा खप मोठा असेल तरच परवडतं.

ठोकल्यावर गणित उलटतं. स्टीलचा पत्रा जिगवर (गाडी पक्की धरणाऱ्या चौकटीवर) बांधून खेचून सरळ करता येतो. कास्टिंग खेचलं की तडकतं. वाटेल तिथे वेल्डिंगही चालत नाही, उष्णतेनं आजूबाजूची ताकद जाते. कंपनीनं कापायची रेषा ठरवून दिली असेल तर तेवढाच भाग काढून नवा तुकडा रिव्हेट आणि स्ट्रक्चरल अ‍ॅडेसिव्हनं बसवतात. रेषा नसेल तर अख्खं कास्टिंग! केसासारखा तडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) मारूनच बघावं लागतं. म्हणून बंपरमागचा बीम आणि क्रॅश बॉक्स (धडकेत मुद्दाम चेपणारे डबे) बोल्टनं बसवलेले हवेत. हळू धडकेत तेवढेच चेपतात, कास्टिंग वाचतं.

शून्यघसारा: कास्टिंगपेक्षा मला बॅटरीची धास्ती जास्त. सेल-टू-पॅक रचनेत मॉड्यूल, म्हणजे सेलचे सुटे गट, नसतात, सेल थेट पॅकमध्ये चिकटवलेले असतात. उत्पादन स्वस्त पडतं, पण एक सेल बिघडला तरी बहुतेकदा पूर्ण पॅक बदलावा लागतो. ब्लूमबर्गएनईएफ या संशोधन संस्थेच्या पाहणीत २०२४ मध्ये पॅकचा सरासरी भाव ११५ डॉलर प्रति किलोवॅट-तास होता. ३८ किलोवॅट-तासाच्या पॅकचे झाले साधारण पावणेचार लाख रुपये, तेही घाऊक भावानं. सुटा पार्ट म्हणून याहून महागच.

आता पॉलिसी बघा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस, म्हणजे गाडी दुरुस्त करण्यापलीकडची धरतात. आयडीव्ही ५ लाखांवर उतरला असेल तर ही मर्यादाही पावणेचार लाखच. म्हणजे पॅक बदलायची वेळ आली की बाकी गाडी धडधाकट असूनही भंगारात. झीरो डेपनं, म्हणजे पार्टांचा घसारा न कापणाऱ्या अ‍ॅड-ऑननं, ही मर्यादा हलत नाही. बॅटरीचं अ‍ॅड-ऑन घेताना खालून बसलेला मार आणि आत शिरलेलं पाणी दोन्ही धरलंय का, ते शब्दन्‌शब्द वाचा.

घाटमाथा: मग शोरूममध्ये नेमकं काय विचारू?

दहाचापाना: शोरूममध्ये नकोच, तिथे एक्स्चेंज बोनस सांगतील. बॉडीशॉपच्या अ‍ॅडव्हायझरला गाठा. पॅकचं खालचं कव्हर सुटं मिळतं का, मागचं कास्टिंग कापून बदलता येतं का, आणि एका एलईडी हेडलॅम्पची एमआरपी किती, एवढं विचारा. हेडलॅम्प सीलबंद असतो, एक टॅब तुटला तरी बरेचदा अख्खा युनिट घ्यायला लावतात.