डिजिटल मनगटी घड्याळाचा अलार्म मुका, बूस्टर कॉइल नाशकात कुठे मिळेल?

मंडळी, मदत हवी आहे. साधं सीआर२०१६ सेलचं घड्याळ आहे. वेळ, लाइट, तिन्ही बटणं ठीक. अलार्मच्या वेळी डिस्प्लेवरचं चिन्ह लुकलुकतं, म्हणजे आयसी (आतली चिप) आपलं काम करतोय. आवाज मात्र कान लावला तरच, चिलटासारखा.

तपासून झालेलं: सेल ३ व्होल्ट. नवा सेल टाकल्यावर एसी (ऑल क्लिअर, म्हणजे रीसेट) खुणेचा पॉइंट आणि सेलची प्लस बाजू चिमट्याने दोन सेकंद जोडून रीसेट. मागच्या झाकणाला आवाज काढणारी पिझो चकती चिकटवलेली असते, तिच्यापर्यंत जाणारी बारीक स्प्रिंग जागेवर आणि स्वच्छ (बऱ्याचदा तीच हरवलेली असते!). दुसऱ्या चालू घड्याळाचं झाकण लावलं, फरक नाही. ऑसिलोस्कोपवर (विजेच्या लहरी दाखवणारं यंत्र) स्प्रिंगपाशी ४०९६ हर्ट्झ दिसतात, पण जेमतेम ३ व्होल्ट. चालू मॉड्यूलवर (घड्याळाच्या आतली यंत्रणा) लहरीचं शिखर याच्या कितीतरी वर जातं. पिझोसाठी व्होल्टेज वाढवणारी बूस्टर कॉइल मीटरवर ओपन, म्हणजे तुटलेली. तार बहुधा सोल्डरपाशीच तुटली असावी, पण ती केसापेक्षा बारीक, पुन्हा जोडायला धजावत नाही.

तर एम.जी. रोड किंवा रविवार कारंजा भागात कुणी जुनी मॉड्यूलं सुटी विकतं का? आणि किती मिलीहेन्रीची (कॉइलच्या इंडक्टन्सचं माप) कॉइल चालेल? उंची वाढली तर झाकण बसणार नाही, तेवढं धरून सांगा.