मदत हवी आहे : गोट्यांवरचा रंग टिकला, जांभ्यावरचा सोलला

नमस्कार मंडळी,

आम्ही चिपळूणजवळ राहतो. वाफ्यांच्या कडेने लावायला मे महिन्यात मुलांनी दगड रंगवले. घुबडं, कासवं, ठिपकेवाले लाल किडे. काही नदीतले काळे गोटे, काही घराच्या बांधकामातून उरलेले जांभ्याचे तुकडे. रंग सगळ्यांना एकच, बाटलीतला ॲक्रिलिक, आणि वरून पारदर्शक व्हार्निशचा स्प्रे.

आता पाऊस धरून बसलाय आणि प्रकार असा आहे : गडग्यावर ठेवलेले गोटे ठणठणीत. एक तर थेट पागोळीखाली आहे, तरी त्याचं काही बिघडलेलं नाही. मातीत अर्धे पुरलेले गोटे फक्त खालच्या कडेला सुटलेत. जांभ्याला मात्र फोड आलेत. नखाने ओढलं की अख्खा पापुद्रा हातात येतो आणि त्याच्या पाठीला लाल भुकटी चिकटलेली असते.

वरून पडणाऱ्या पाण्याने हे होत असतं, तर पागोळीखालचा आधी गेला असता ना? मग जांभा रंगवायचाच नाही का? दुकानदार म्हणतो ऑईलपेंट मारा, दहा वर्षं बघायला नको. पण शेजारी अळू आणि कोथिंबीर आहे, म्हणून धीर होत नाही.

(एका मोठ्या धोंड्याला मुलीने केशरी रंग दिला होता. दुसऱ्या दिवशी त्यावर जास्वंद वाहिलेली. कोणी वाहिली ते अजून कळलेलं नाही, पण आता तो तिथून हलवायला सासूबाई तयार नाहीत.)

प्रतिसाद

ताई, उत्तर त्या लाल भुकटीतच आहे. रंग दगडाला घट्ट धरून होता, दगडाचा वरचा थरच सुटला. जांभा सच्छिद्र; मातीतली ओल खालून शोषतो आणि ती वर चढते. वर व्हार्निश असल्याने तिला बाहेर पडायला वाट नाही, मग ती रंगाला आतून ढकलते. काळा गोटा म्हणजे बेसाल्ट, घट्ट. तो पाणी फारसं पीत नाही, म्हणून पागोळी त्याला बाधली नाही. पुरलेल्या गोट्यांना खाली वाळूचा नाहीतर खडीचा थर द्या आणि मातीत जाणारा भाग कोराच ठेवा. गुळगुळीत गोट्यावर रंगाआधी पॉलिशपेपर फिरवलात तर पकड आणखी चांगली बसेल.

प्रतिसाद

ऑईलपेंट नको. जांभ्यावर तो ॲक्रिलिकपेक्षाही लवकर फुगेल, कारण त्यातून वाफ जवळजवळ जातच नाही. आणि माळ्यावरचा जुना डबा असेल तर अळवाजवळ मुळीच नको. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या डब्यात काय असेल सांगता येत नाही. वाफ्यात पडलेले पापुद्रे मात्र आताच वेचून टाका. ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच, ते मातीत कुजत नाही.

प्रतिसाद

जांभा पूर्ण रंगवताच कशाला? त्याचा स्वतःचा रंगच गेरूसारखा आहे. वारली चित्रं गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, तुम्हाला ती भिंत आयती मिळालीय! पीठ पावसात धुऊन जाईल, म्हणून बाहेरच्या भिंतींना लावतात तो पांढरा इमल्शन बारीक ब्रशने वापरा. नुसत्या रेघा. मधला दगड उघडा राहिला की ओल तिथून निघून जाते. व्हार्निश अजिबात नको. एखादी रेघ गेलीच तर पुढच्या वर्षी मुलं पुन्हा ओढतील, त्यांना तेवढंच काम. घुबडं-कासवं गोट्यांवर राहू द्या.

धागाकर्ती

हे सुचलंच नव्हतं! मुलगी आत्ताच ब्रश शोधायला लागलीय. उन्हात एक दिवस वाळवून लगेच काढलं तर चालेल?

प्रतिसाद

आत्ता नको, दसऱ्यानंतर काढा. जांभा वरून कोरडा दिसला तरी आत ओला असतो. आधी तारेच्या ब्रशने शेवाळ आणि सुटी भुकटी काढा, मग बरेच दिवस पडवीत उन्हाच्या बाजूला ठेवा. तपासायचं असेल तर प्लास्टिकचा तुकडा दगडावर ठेवून चारी कडा टेपने बंद करा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून थांबा. घाई म्हणून चुलीवर किंवा ओव्हनमध्ये तापवू नका, आत पाणी असलेला दगड तडकून उडतो.